सैनिकांनी नांगरलेली रानं : नाननिवान ते शिहेझी

पाटपाणी

गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसभेत बंधाऱ्यातल्या गाळाचा विषय निघाला. गाळ कुणी काढायचा, डिझेल कुणी घालायचं आणि पहिला डंपर कुणाच्या रानात रिकामा करायचा यावर दोन तास गेले. शेवटी मागच्या रांगेतले एक आजोबा उठून म्हणाले, "पाच वर्षं गाव मिलिटरीच्या ताब्यात द्या, सगळं सरळ होईल." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. घरी आलो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. असं खरोखर करून पाहिलेले देश आहेत आणि त्यातल्या चीनबद्दल मी बरीच वर्षं वाचतो आहे. म्हणून हा धागा.

सुरुवात येनानपासून, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या तेव्हाच्या मुख्य ठाण्यापासून, करावी लागते. 1941 साली कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या शेन्सी-कान्सू-निंगशिया या सीमाभागाची लोकसंख्या जेमतेम चौदा-पंधरा लाख. च्यांग कै-शेकच्या कुओमिंतांग पक्षाच्या सरकारने पैसे बंद केलेले, चहूबाजूंनी नाकेबंदी, त्यात दुष्काळ. सैनिक, कार्यकर्ते, विद्यार्थी अशी हजारो तोंडं होती आणि त्यांना पोसणार कोण, तर तोच लोएस मातीच्या टेकड्यांवरचा कोरडवाहू शेतकरी. त्या वर्षी त्याच्याकडून धान्यसारा म्हणून 2 लाख 'दान' (धान्य मोजायचं चिनी माप) धान्य घेतलं गेलं, आदल्या वर्षीच्या दुपटीहून जास्त.

जूनमध्ये येनानला बैठक चालू असताना वीज पडून एक तालुका अधिकारी मेला. ते ऐकून एक शेतकरी बोलून गेला, "वीज माओवर का नाही पडली?" त्याला पकडायला निघालेल्यांना माओने अडवलं आणि तो असं का म्हणाला याची चौकशी करायला लावली. चौकशीत उत्तर निघालं ते साऱ्याचं. पुढच्या वर्षी सारा 1 लाख 60 हजार दानांवर आला. हा किस्सा माओने स्वतः नंतर सांगितला आहे, त्यामुळे त्याला घासूनपुसून चकाकी आणलेली असणार. तरी साऱ्याचे आकडे त्याच दिशेने बोलतात.

सारा कमी करायचा तर सैन्याने खायचं काय? त्यासाठी कम्युनिस्ट सेनानी वांग झेन यांच्या 359 व्या ब्रिगेडला येनानच्या आग्नेयेला 45 किलोमीटरवर असलेल्या नाननिवानमध्ये पाठवलं. एकोणिसाव्या शतकातल्या बंडाळीत उजाड झालेलं ते खोरं, नुसतं रान आणि दलदल. सैनिकांनी डोंगरात राहण्यासाठी गुहा खोदल्या, कुदळींनी जमीन फोडली, सूत कातलं, डुकरं पाळली. अधिकृत आकड्यांप्रमाणे 1944 पर्यंत 2 लाख 60 हजार मू जमीन लागवडीखाली आली. एक मू म्हणजे आपले साडेसहा गुंठे, तेव्हा हे सगळं मिळून 43 हजार एकरांच्या आसपास जातं. त्या वर्षाच्या सप्टेंबरात झांग सिदे नावाचा एक सैनिक कोळशाची भट्टी कोसळून मेला. 'जनतेची सेवा करा' हे माओचं प्रसिद्ध भाषण त्याच्याच शोकसभेतलं. चीनमध्ये सरकारी भिंतींवर आजही दिसणारं ते वाक्य एका लाकूडकोळसा करणाऱ्या सैनिकासाठी उच्चारलं गेलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

नाननिवानमध्ये सैन्याने खेड्यांचा 'विकास' केला, असं मी म्हणणार नाही. सैन्याने स्वतःचं ओझं खेड्यांच्या पाठीवरून उतरवलं. मोठं काम तेच होतं.

यानंतरचं प्रकरण चीनच्या वायव्य टोकाच्या शिनजियांगचं. 1949 च्या शरद ऋतूत वांग झेन यांचीच फौज तिथे पोचली. रेल्वे नाही (ती उरुम्चीला पोचायला 1962 उजाडलं), धान्य हजारो किलोमीटरवरून आणायचं. 1950 पासून लाखावर सैनिक शेतीला लावले. त्यात शरण आलेल्या कुओमिंतांगचे सैनिकही होते. ऑक्टोबर 1954 मध्ये या सगळ्यांना मिळून एक संघटना केली, शिनजियांग उत्पादन आणि बांधकाम दल, चिनी बोलण्यात 'बिंगत्वान'. सुरुवातीला पावणेदोन लाख माणसं, 2013 च्या अखेरीस सुमारे 27 लाख.

पहिली वर्षं कशी काढली ते वाचताना आजही घशात आवंढा येतो. जमिनीत खड्डा खणायचा, वर फांद्या आणि माती घालायची, की झालं घर. बैल नव्हते म्हणून माणसांनीच नांगर ओढला. शिहेझी शहरात त्याचा पुतळा आहे, दोराला वाकून लागलेले सैनिक आणि मागे नांगराची मूठ धरलेला एक. कारखाने उभारायला पैसा हवा म्हणून गणवेशातलं कापड वाचवलं : सदऱ्याची कॉलर काढली, चार खिशांचे दोन केले. अशा बचतीतून उरुम्चीची सूतगिरणी आणि पोलाद कारखाना उभा राहिला. शिहेझीच्या संग्रहालयात एका सैनिकाचा रुईदार कोट ठेवलेला आहे, त्यावर जवळजवळ तीनशे ठिगळं आहेत. मूळ कापड कुठलं ते शोधावं लागतं.

इतकं सोसून या माणसांनी जे उभं केलं त्याचा शेवट कुठे झाला, तर दक्षिण शिनजियांगमधल्या तारीम नदीच्या शेपटाला. 1972 मध्ये दाशिहायझी धरण झालं आणि त्याच्या खालचं 320 किलोमीटर पात्र कोरडं पडलं. तैतेमा सरोवर आटलं. उत्तरेला शिहेझीच्या शेतांनी मानस नदीचं पाणी घेतलं, तिकडे मानस सरोवर आटलं. सरकार कायम सांगत आलं की आम्ही वाळवंटाच्या कडेची पडीक जमीन घेतली, स्थानिकांची एक वाफाही घेतली नाही. जमीन पडीक असेल, पण नदीचं पाणी पडीक नव्हतं. ते खाली कुणीतरी पीत होतं.

माझा मुद्दा एवढाच आहे. नाननिवानचं सैन्य लोकांमध्ये पाहुणं होतं आणि आपली शिदोरी आपण पिकवत होतं. शिनजियांगमधून सैन्य परत गेलंच नाही. तेच जमीनदार झालं, तेच पाटकरी, तेच पोलीस, तेच न्यायालय. तुम्हाला काय वाटतं?

---

सोलापूरकर

फार चांगला धागा. आमच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा संदर्भ यायला हवा म्हणून लिहितो. काँग्रेसने चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते, त्यात सोलापूरचे कोटणीस आणि नागपूरचे चोळकर. हे पथक फेब्रुवारी 1939 मध्ये येनानला पोचलं आणि त्याच महिन्यात माओने 'उत्पादन मोहीम' जाहीर केली होती. म्हणजे सैनिक, शिक्षक, कार्यालयातले लोक सगळे कुदळ घेऊन टेकडीवर जात आहेत, हे दृश्य आपल्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलं असणार.

लहानपणी शाळेतून त्यांच्या स्मारकात नेलं होतं तेव्हा माझ्या मनात चित्र होतं ते फक्त शस्त्रक्रियेचं. सैन्य आणि खेडं यांचं नातं नंतर वाचल्यावर कळलं.

---

पाटपाणी

@सोलापूरकर, मनापासून आभार. एक भर घालतो : कोटणीस नाननिवानला नव्हते. ते पुढे होपेई प्रांतातल्या लढाईच्या मुलखात गेले, 1941 मध्ये बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि 9 डिसेंबर 1942 ला तिथेच वारले, वय 32. ते रुग्णालय खेड्यातच चालायचं. जखमी सैनिक आणि गावकरी दोघेही तिथेच यायचे. सैन्य खेड्यात आल्यामुळे काय चांगलं झालं असं कुणी विचारलं, तर मी नांगराच्या आधी या दवाखान्यांचं नाव घेईन.

---

जुना_फौजी

सव्वीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच इंजिनिअर्समध्ये. त्या आजोबांना काय म्हणायचं होतं ते मला कळतं, आणि चूक कुठे होते तेही.

पलटणीत सकाळी फॉलइन झालं की फटीगला (अंगमेहनतीच्या कामाला) किती माणसं हे हवालदार मोजून देतो. कुणी विचारत नाही की पहिलं माझ्या बराकीपुढचं गवत का नाही. रेशन येतं, पगार येतो, घरचं पीक बुडायची चिंता नसते. त्यामुळे आठ दिवसांचं काम दोन दिवसांत होतं. पूर आला, दरड पडली, पूल वाहून गेला तर आमच्यासारखे आम्हीच. यात मला अजिबात शंका नाही.

पण बंधारा बांधणं आणि बंधारा वापरणं यात फरक आहे. आम्ही एका डोंगरी गावात पाण्याची लाईन टाकून दिली. उत्तम काम झालं, गावाने हार घातले. दीड वर्षाने त्याच रस्त्याने गेलो तर लाईन फुटलेली आणि बायका पुन्हा झऱ्यावर. व्हॉल्व्ह कुणी फिरवायचा, दुरुस्तीचे पैसे कुणी काढायचे हे गावाने कधी ठरवलंच नव्हतं, कारण आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. ती दोन तासांची भांडणाची ग्रामसभा त्या गावात व्हायला हवी होती.

चीनमध्ये त्यांनी यावर उपाय केला तो हा, की सैन्य परत गेलंच नाही. मग व्हॉल्व्हही तेच फिरवणार.

---

ऊसकरी

क्यूबाचं उदाहरण इथे हवंच, आम्हा ऊसवाल्यांना ते फार जवळचं आहे.

1970 च्या हंगामात कॅस्ट्रोने 1 कोटी टन साखरेचं लक्ष्य ठेवलं. सगळा देश फडात उतरवला : सैनिक, विद्यार्थी, कचेऱ्यांमधले लोक. 1969 ची नाताळची सुट्टीसुद्धा ऊसतोडीसाठी रद्द केली. मोहीम लष्करी पद्धतीने चालली, बोलण्यातही 'आघाडी', 'लढाई' हेच शब्द. हाती आली 85 लाख टन. तोवरचा विक्रम होता तो, पण बाकीच्या सगळ्या धंद्यांची माणसं, ट्रक, आगगाड्या फडाकडे ओढल्यामुळे उरलेला देश ठप्प झाला. 26 जुलै 1970 ला कॅस्ट्रोने जाहीर सभेत अपयश कबूल केलं.

असं का होतं ते कोयता हातात धरलेल्याला लगेच कळेल. ऊस जमिनीलगत तोडायचा असतो, कारण साखर बुडख्याकडे जास्त. वाढं नीट छाटायचं, पाचट साफ करायचं, मोळी बांधायची आणि तोडलेला ऊस उन्हात वाळायच्या आत कारखान्यात पोचवायचा. नवखा माणूस वाकून दमतो, मग वीतभर वर तोडतो. साखर रानातच राहते आणि खोडवाही बिघडतो. बीडकडची कसलेली जोडी दिवसात जेवढा ऊस तोडते तेवढा तोडायला कचेरीतली किती माणसं लागतील याचा अंदाज करा. हुकमाने माणसं फडात उभी करता येतात, पण हाताला कसब येतं ते वर्षांनी.

यापेक्षा वाईट गोष्ट आधी झाली होती. 1965 ते 68 या काळात कामाग्वेच्या ऊसपट्ट्यात 'उत्पादनाला मदत करणाऱ्या लष्करी तुकड्या' उघडल्या होत्या. नाव लष्करी भरतीचं, पण त्यात डांबले ते धर्म पाळणारे, समलिंगी, सरकारला नको असलेले तरुण. काटेरी तारेच्या आत ठेवून त्यांच्याकडून ऊस तोडून घेतला. 1973 मध्ये क्यूबाने 'तरुण श्रमसेना' काढली. ती आजही आहे, सक्तीच्या लष्करी सेवेतली मुलं शेतीवर काम करतात.

---

लाल_माती

पाटपाणी यांचा लेख आवडला, पण थोडं भांडतो.

एक, 1950 मध्ये शिनजियांगमध्ये दुसरा मार्ग काय होता? फौज तिथे ठेवायची आणि तिला पोसण्याचं ओझं तिथल्या मूळच्या गरीब, मुस्लिम उइघूर शेतकऱ्यावर टाकायचं? नाननिवानला तुम्ही ज्या कारणासाठी चांगलं म्हणता, तेच कारण इथेही होतं. दोन, दलाने शाळा, दवाखाने, विद्यापीठ उभं केलं. तीन, सैनिकांनी सीमेवर शेती करणं ही समाजवादाची शोधलेली गोष्टच नाही. चीनमध्ये हान राजवटीपासून 'तुनत्येन' आहे, दोन हजार वर्षांपासून. त्याच पश्चिम मुलखात!

नाननिवानच्या गोड चित्राबद्दलही एक. सीमाभागाचं उत्पन्न फक्त धान्यातून आलं नाही. तैवानचे इतिहासकार चेन युंग-फा यांनी कागदपत्रांतून दाखवलं आहे की त्या वर्षांत अफूचा व्यापारही चालला होता, हिशेबाच्या वह्यांत तिला 'विशेष माल' म्हणत. मी डाव्या विचारांचा आहे, म्हणूनच हे लपवू नये असं मला वाटतं.

---

पाटपाणी

@लाल_माती, अफूचा मुद्दा मी लिहायला हवा होता. तो गाळून नाननिवानची गोष्ट सांगणं अप्रामाणिकपणाचं होतं, चूक मान्य.

'दुसरा मार्ग काय' हा प्रश्न खरा आहे आणि 1950, 51 साठी माझ्याकडे त्याचं चांगलं उत्तर नाही. माझा आक्षेप पुढचा आहे. नाननिवानमध्ये गरज संपली तेव्हा ब्रिगेड उठून लढाईवर गेली. शिनजियांगमध्ये पोट भरण्यासाठी सुरू झालेली शेती वसाहत झाली. 1949 मध्ये तिथे हान लोक (चीनमधला बहुसंख्य समाज) शंभरात सहा-सात होते, 1982 च्या गणनेत शंभरात चाळीस. सगळेच दलामार्फत आले नाहीत, पण मोठा दरवाजा तोच होता. 1963 ते 66 मध्ये शांघायची लाखाच्या घरातली तरुण मुलं अशीच तिथे नेली. 1980 मध्ये त्यातली हजारो अक्सूमध्ये रस्त्यावर उतरली आणि मागणी एकच, आम्हाला घरी जाऊ द्या. म्हणजे ज्यांच्या मुलखात नेलं त्यांना विचारलं नाही, आणि ज्यांना नेलं त्यांचंही ऐकलं नाही.

1975 मध्ये दल मोडलं होतं. 1981 च्या डिसेंबरात पुन्हा उभं केलं, आणि त्या वेळी धान्याची नाकेबंदी नव्हती. कारण सीमा आणि बंदोबस्त हेच होतं.

---

कपाशीची_लेक

यवतमाळकडची आहे, शेतीवर काम करते. धागा दोनदा वाचला. दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली बायकांची. नांगर ओढणाऱ्या सैनिकांचा पुतळा आहे, पण त्यांचे संसार कसे झाले? 1950 ते 52 मध्ये हूनानमधून सुमारे आठ हजार मुली सैन्यात भरती करून शिनजियांगला नेल्या, शानतुंगमधूनही नेल्या. जाहिरातीत सांगितलं होतं की शिकायला मिळेल, कारखान्यात काम मिळेल, रशियन शिकवू. पोचल्यावर कळलं की वयाने बऱ्याच मोठ्या अधिकाऱ्यांशी लग्न करायचं आहे आणि जुळवणी 'संघटना' करणार. काहींचे संसार चांगले झाले, त्यांनी म्हातारपणी तसं सांगितलंही आहे. तरीही सोळा-सतरा वर्षांची पोर, हजारो किलोमीटर दूर, खड्ड्यातल्या घरात, आणि नाही म्हणायची सोय नाही. 'सैन्याने ओसाड रान वसवलं' या वाक्यातलं 'वसवलं' म्हणजे या मुली आहेत.

दुसरी कापसाची. ठिबकवर मल्चिंग पेपर (जमिनीवर अंथरायचं पातळ प्लास्टिक) टाकून कापूस घ्यायची पद्धत शिहेझीच्या परिसरात 1996 च्या सुमारास सुरू झाली आणि सगळ्या शिनजियांगमध्ये पसरली. पाण्याची बचत होते, उत्पादन वाढतं, हे शेतीतली बाई म्हणून मी आदराने म्हणते. मात्र पातळ पेपर वर्षानुवर्षं मातीत राहतो. त्याचे तुकडे नांगराला लागतात, मुळांना अडवतात, आणि तिथे आता तो मोठाच प्रश्न झाला आहे. आमच्याकडे मिरची, टरबूज मल्चिंगवर घेणाऱ्यांनी हे आत्ताच पाहून ठेवावं. मी आमच्या गटाला सांगते, पेपर गोळा केल्याशिवाय पुढची पाळी घालायची नाही.

आणि तिथला शेतकरी शेतकरी होता का, हेही पाहा. 2018 च्या सुधारणांपर्यंत काय पेरायचं, बियाणं कुठलं, माल कुणाला घालायचा हे रेजिमेंट ठरवायची. आपल्याकडे भाव नाही म्हणून आपण रडतो ते खरंच आहे, पण पेरायचं काय हे निदान घरात ठरतं.

---

ओवी

रेजिमेंट म्हणजे नक्की काय? गाव की पलटण? गोंधळ होतोय.

---

पाटपाणी

@ओवी, दोन्ही. दलात डिव्हिजन, तिच्याखाली रेजिमेंट, तिच्याखाली कंपनी, अशी रचना आजही आहे. रेजिमेंट म्हणजे काही हजार हेक्टरांचं शेत आणि त्यावरची वस्ती. कंपनी म्हणजे आपल्या भाषेत वाडी. कित्येक पिढ्यांची माणसं आपलं गाव सांगताना नाव नाही सांगत, आकडा सांगतात, अमुक रेजिमेंटची सातवी कंपनी. आपल्याकडे वाडीला निदान बोरीचं, वडाचं, म्हसोबाचं नाव असतं.

@कपाशीची_लेक, हूनानच्या मुलींचं तुम्ही लिहिलंत ते माझ्या लेखात पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं. कापसाबद्दल एक जोडतो : उइघूर लोकांच्या हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांवरून अमेरिकेने जुलै 2020 मध्ये या दलावर निर्बंध घातले, मग सक्तीच्या मजुरीच्या आरोपांवरून डिसेंबरात त्याच्या कापसाची आयात अडवली आणि जानेवारी 2021 मध्ये शिनजियांगच्या सगळ्याच कापसाची आणि टोमॅटोची. चीन हे आरोप नाकारतो. उइघूर लोकांच्या साक्षी वाचल्यावर मी ते नाकारू शकत नाही.

---

जुना_फौजी

एक विचारतो. त्या कोरड्या पडलेल्या 320 किलोमीटरच्या काठावर राहणाऱ्यांचं पुढे काय झालं? ते कुणी लिहिलेलं दिसलं नाही.

---

पाटपाणी

तिथे काठाने तोघ्राकची झाडं होती. वाळवंटातला पिंपळासारखा सळसळणारा वृक्ष, उइघूर लोकांच्या घराचं लाकूड, होडी, शेळ्यांचा चारा सगळं त्याचंच. त्याची मुळं भूजलावर जगतात. नदी थांबल्यावर पाणी आठ-दहा मीटर खोल गेलं आणि मैलोन्‌मैल झाडं उभ्या उभ्या वाळली. मासेमार आणि धनगर वस्त्या उठल्या.

2000 पासून सरकारने बोस्तेन सरोवरातून आणि धरणातून मुद्दाम पाणी सोडायला सुरुवात केली. नोव्हेंबर 2001 मध्ये ते तैतेमापर्यंत पोचलं, जवळजवळ तीस वर्षांनी. पात्राच्या जवळची झाडं पुन्हा फुटली. लांबची फुटली नाहीत.

आमच्या बंधाऱ्याची पुढची ग्रामसभा येत्या गुरुवारी आहे. खालच्या वाडीला मागच्या वेळी कुणी बोलावलंच नव्हतं. या वेळी मी स्वतः जाऊन सांगून आलो आहे.

---

जुना_फौजी

गुरुवारी काय ठरलं ते इथे लिहा. आणि व्हॉल्व्ह कुणाकडे राहणार ते आधी ठरवा.